आईच्या कागदाचं लॅमिनेशन

३ मार्च
आई गेली. काल तिचं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. नागसेनदादा अन् मेघाताई बसूनच राहिले. मग शेजारच्या धोंडबा काकानं आईचा मृत्युपत्राचा कागद वाचला. त्यायनंच लिहून देल्ला होता, खाली आईचा अंगठा. घर तिघायचं, पण मागची खोली काजलची. म्हणजे माझी. वाटणी करून द्यायची जिम्मेदारीही माझीच. एग्झिक्युटर म्हणतात म्हणे. सातवी शिकली मी, पण शब्द पाठ केला.
खोली पाहिजेच. नवरा, प्रीतम, सावनेरले खाणीत, तिथं चार माणसायची एक खोली. मी तान्ह्या चिन्मयीले घेऊन कुठं जाईन? पण मी भेत नाही.

४ मार्च
दादा म्हणे, "एग्झिक्युटर वं तू? गॅसचा नंबर लावता येत नाही तुले!" ताई म्हणे, आईनं पलंग मले बोलला होता. दादा म्हणे, मले. मी ठासून सांगितलं, आधी सामानाची यादी, तोवर घरातून चमचा हलणार नाही. दोघंही हाव म्हणाले. धाक बसला.

६ मार्च
ताईनं मिक्सर नेला. एकदाच चटणी वाटते म्हणे. यादी उद्यापासून. चिन्मयीले दात येऊन राहिले.

९ मार्च
दादानं कूलर नेला, दुरुस्तीले. चांगलाच चालत होता. एग्झिक्युटरनं भांडू नये.

११ मार्च
चिन्मयीनं आईच्या कागदाचा कोपरा खाल्ला! अंगठा वाचला. कागद तांदळाच्या डब्यात ठेवला तं मुंग्या. पक्का बंदोबस्त पाहिजे.

१२ मार्च
सीताबर्डीले जाऊन लॅमिनेशन करून आणलं. काय चमकते! दुकानवाला म्हणे, ताई, शंभर वर्षं काही होत नाही. आता कोणाच्या बापाले भेत नाही.

१५ मार्च
दादाले दाखवलं. त्यानं उन्हात धरून पाहिलं. म्हणे, "असली कुठं आहे?" मी म्हटलं, हेच. ताई म्हणे, "प्लास्टिकच्या आत काहीबी छापून आणता येते वं." आई गेल्यापासून दोघं पहिल्यांदा एका बाजूनं बोलले. चांगलंच आहे. माझ्यामुळं भांडण मिटून राहिलं.

१७ मार्च
प्रताप नगरच्या वकीलबाईकडं गेली. त्यायनं कपाळावर हात मारला. म्हणे, प्लास्टिक काहून लावलं? अंगठाच तं तपासतील. तरी पाहू, जसा आहे तसा सोमवारी आणा, हात लावू नका. प्रीतम फोनवर म्हणे, बाईचं ऐकजो. हाव म्हटलं.
पण वकीलबाईले इस्त्रीचं काय समजते? फ्रॉकवरचे स्टिकर मी गरम इस्त्रीनं अलगद काढते. डाग राहत नाही.

१८ मार्च, सकाळी
इस्त्री हलकीच गरम ठेवली. एक कोपरा सुटला. निघून राहिलं.

१८ मार्च, चहाच्या वेळी
निघालं. आईचा अंगठाही निघाला. अंगठा प्लास्टिकवर, कागदावर पांढरी खरवड. धोंडबा काकाकडं पळाली. काका नजर चुकवून म्हणे, "लिहिलं असंल पोरी, पण काय लिहिलं ते आठवत नाही."

२२ मार्च
दादा अन् ताई सोबत आले. आईच्या पलंगावर जवळजवळ बसून माझा चहा पेले, हसले पण. घर विकायचं, तीन वाटे. मागच्या खोलीचं वेगळं काही नाही. महिन्यात खाली कर म्हणे. मी अंगठ्याचं प्लास्टिक आणून दाखवलं. दादा म्हणे, "ठेव तुझ्याजवळ. आईची आठवण."
जाता जाता ताई म्हणे, "एग्झिक्युटर तूच ना वं? मग सामानाची यादी तूच कर."
आज केली सुरू. मागच्या खोलीपासून.
चिन्मयीचा पाळणा.
इस्त्री.