तुझ्या पसंतीचा आरसा

६ मार्च
आले एकदाची! बदनापूर स्टेशनापासून गाडीनं जरा आत, मोसंबीच्या बागेच्या मधोमध घर. दोन मजली, नवंकोरं, बाहेरून पिस्ता रंग. परतूरला आम्ही तिघी बहिणी एकाच खोलीत वाढलो. इथं मला एकटीला दोन कपाटं, आणि साड्या भरून झाल्या तरी निम्मं कपाट रिकामं. सासूबाईंचं नाव द्वारकाबाई, मी आत्याबाई म्हणते. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोंडात पेढा घातला आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिल्या. कल्याण कमी बोलतात. पण येताना ऊन माझ्याकडे आलं, तर गाडी थांबवून खिडकीला स्वतः टॉवेल लावून दिला. चौतिसाव्या वर्षी लग्न जमलं की एवढ्याशानंही डोळे भरून येतात.

त्यांची पहिली बायको संध्या. लग्न ठरतानाच सगळं सांगितलं होतं. एक दिवस घरातून गेली, शहागडच्या पुलावर तिच्या चपला सापडल्या. गोदावरीला तेव्हा पूर होता. मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

घरात सगळ्यात आवडलं ते जेवणघराशेजारचं बाथरूम. पांढरं बेसिन, त्याखाली सागवानी कपाट, खणांना पितळी मुठी. फक्त बेसिनच्या वर, आरशाच्या जागी, प्लायची फळी ठोकलेली. आधीचा फुटला म्हणे. आत्याबाई म्हणाल्या, “आता घर तुझं हाय. आरसा बी तुझ्या पसंतीचा आण.”

९ मार्च
जुन्या जालन्यात गेलो, आरसा घ्यायला. मी, कल्याण, आत्याबाई. कापडबाजाराच्या मागं एका बोळात साजिदभाईंचं काचेचं दुकान. इतके आरसे एकदम मी कधी पाहिले नव्हते. गोल, लंबगोल, कडेनं दिव्याची पट्टी असलेले, मागं औषधाचं कपाट असलेले. मला लंबगोल हवा होता, दिवेवाला. त्याच्यात माझा रंग उजळ दिसत होता, हनुवटीसुद्धा बरी वाटत होती. कल्याण म्हणाले, भिंतीत चौकट आधीच केलेली आहे, तिच्या मापाचाच बसेल. मग माझ्या पसंतीला उरली फक्त फ्रेम. मी अक्रोडी रंगाची निवडली, कोपऱ्यांत वेलबुट्टी असलेली.

काच आत्याबाईंनी सांगितली. साजिदभाईंनी मापाची पट्टी खाली ठेवली. म्हणाले, “अम्मा, ये काच बाथरूमला कोन लावतंय? ही तर हापिसच्या केबिनची.” आत्याबाई म्हणाल्या, “पाण्यानं खराब व्हत न्हाई ती. तू बराबर मापानं काप, जल्दी.” बसवायला माणूस पाठवतो म्हणाले, तर कल्याण नको म्हणाले.

येताना आत्याबाईंनी मला गजरा घेऊन दिला.

१२ मार्च
कल्याणनी आज स्वतःच आरसा बसवला. काम चालू असताना आत्याबाईंनी मला बागेत नेलं, मोसंबी खायला. आल्यावर पाहिलं तर काय शोभा आली होती! तोंड त्यात किंचित सावळं दिसतं, सावलीत उभं राहिल्यासारखं. पण रुबाबदार आहे. आत्याबाईंनी बजावलं की आत असताना दिवा चालूच ठेवायचा, दिवसासुद्धा.

मी आज चार साड्या नेसून पाहिल्या. गाणं म्हटलं. लहान मुलीसारखं तोंड वेंगाडून पाहिलं. एवढा मोठा आरसा माझा एकटीचा कधीच नव्हता. बाहेर आले तर आत्याबाई दाराशी उभ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, “झालं का बघून? आरशापुढं उभं राह्याची हौस तुला बी हाय तर.”

१९ मार्च
बेसिनपाशी आवाज येतो. नखानं भिंत खरवडल्यासारखा. मी दार लावलं की सुरू होतो, बाहेर कुणाची चाहूल लागली की थांबतो. त्या भिंतीपलीकडे बियाण्याची कोठी आहे. तिचं दार मागच्या अंगणात, कुलूप लावलेलं, किल्ली आत्याबाईंच्या कमरेला.

जेवताना मी सहज बोलले. कल्याणचा घास हातातच राहिला. आत्याबाई म्हणाल्या, उंदीर झाले असतील. जेवण अर्धं टाकून उठल्या, दाराआडची काठी घेतली आणि मागं गेल्या. भिंतीतून धप्प धप्प आवाज आले. कल्याणनी टीव्ही मोठा केला.

परत आल्या त्या घामाघूम. माझ्याच बेसिनवर हात धुतले, आरशात बघून पदर सारखा केला. म्हणाल्या, आता न्हाई व्हणार आवाज.

झाला नाही.

२३ मार्च
 सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी बाथरूममध्ये होते. लाइट गेली. आतला झरोका बारीक, त्यामुळं अंधारच झाला. आणि आरसा उजळला. म्हणजे, आरशात उजेड दिसला. पलीकडं कोठीचं दार उघडं होतं, मागच्या अंगणातलं ऊन आत पडलं होतं, आणि मला खिडकीतून दिसावी तशी सगळी कोठी दिसली. आत्याबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातातली भाकरी त्यांनी फरशीवर टाकली आणि पायानं पुढं सरकवली.

भाकरीकडं एक बाई सरकत आली. हाडं, आणि त्यांच्यावर माझी जुनी हिरवी साडी. ती साडी मी बोहारणीला द्यायला काढली होती. बाईच्या पायाला साखळी.

तिनं भाकरी उचलली नाही. ती माझ्याकडं बघत होती. अंधारात मी तिला दिसत नसेन, पण कुठं उभी असते ते तिला ठाऊक होतं. बरोब्बर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर बघत होती.

लग्नाआधी मी संध्याचा फोटो पाहिला होता.

लाइट आली. आरशात पुन्हा मी.

२४ मार्च
पळून जायचं तर बागेला फाटक, फाटकाला कुलूप. बाबांना फोन लावला, पण आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. बाबा म्हणाले, तृप्ते, आवाज का असा? बाबा म्हणाले, तृप्ते, आवाज का असा?

कल्याणना सांगितलं. दुसरं कोण आहे मला? बागेत नेलं आणि सगळं सांगितलं. ते खाली बसले. रडले. मला पोटाशी धरलं. म्हणाले आईचं डोकं ठिकाणावर नाही, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जालन्याला जातो, पोलिसांना घेऊनच येतो, तोवर तोंडातून अवाक्षर काढू नको. माझा फोन मागितला. म्हणाले, आईच्या हाती लागायला नको.

मी दिला.

देवा, किती बरं वाटतंय.

तारीख ठाऊक नाही
काच मी आता पलीकडून पाहते.

कल्याणनीच धरून आणलं. साखळी घालताना पायाला आधी फडकं गुंडाळलं, घासू नये म्हणून.

वही आत्याबाईंनी आणून दिली, पेन्सिलही. लिहीत बस म्हणाल्या, वाचायला हीच एक हाय. आणि संध्याकडं बोट करून हसल्या.

उजेड फक्त काचेतून येतो, तिकडचा दिवा लागला की. वही काचेला टेकवून लिहावं लागतं.

नंतर
संध्या हळूहळू बोलते. एकेक शब्द. ती माहेरी जाते म्हणाली होती, कायमची. वकील पाहिला होता. आत्याबाई म्हणाल्या, या घरातून सून जात न्हाई. लई आरशापुढं उभी राह्यची ना, आता बस बघत. तुझ्या जागी दुसरी कशी नांदती ते बघ.

मला तिनं रोज पाहिलं. साड्या नेसताना. गाणं म्हणताना. आधी माझा राग यायचा, म्हणाली. मग भिंत खरवडली, मी जावं म्हणून.

मी विचारलं, ओरडली का नाहीस कधी?

तिचा भाऊ प्रेम आला होता, तिला शोधत. तेव्हा ती ओरडली. ताट मारून काच फोडली. प्रेमनं तिला पाहिलं. हात धरला, भोकातून. मागून कल्याण आले—

त्याच दिवशी त्याची मोटारसायकल शहागडजवळ ट्रकखाली सापडली. सगळे अपघात म्हणाले, हे तिला आत्याबाईंनीच सांगितलं.

नंतर
मी रात्रंदिवस ओरडले. बागेत ऐकणारं कोण? काठी मात्र संध्यानं खाल्ली. मी ओरडले की ते तिला मारतात. मला नाही.

आता ओरडत नाही.

नंतर
आत्याबाई आल्या. काठी नव्हती आज. पाणी दिलं. मऊ आवाजात बोलल्या.

बाप आलाय तुझा. कुणासंगं तरी पळून गेली म्हणून सांगितलंय आम्ही. रडून राह्यलाय बिचारा. जेवून जाईल. “नीट घरी जाऊ द्यायचा का न्हाई, ते तुझ्यावर हाय.”

पुरणपोळीचा वास येतोय.

—तिकडं दिवा लागला.

बाबा.

बाबा आत आले. चष्मा काढून बेसिनच्या कडेवर ठेवला. किती वाळलेत. शर्टाचं वरचं बटण तुटलंय. हात पुढं केला तर लागेल इतके जवळ—

संध्यानं माझ्या तोंडावर हात दाबलाय. घट्ट. मी काही करत नाही गं. मी फक्त लिहितेय. लिहिते म्हणजे ओरडणार नाही—

तोंड धुतात. पुन्हा धुतात. रडू दिसू नये म्हणून.

काचेच्या कोपऱ्यात माझी टिकली चिकटलेली. बाबांना दिसली. बोट लावलं तिच्यावर. बोट तिथंच—

जा ना बाबा. मी पळून गेले. वाईट आहे तुमची पोरगी. जा घरी—

पेन्सिल लागली. काचेला. टक् एवढंच—

बाबा थांबले.

चष्मा घातला. काचेजवळ— नका— दोन्ही हातांचा आडोसा करून डोळे काचेला—

दिसतेय मी. त्यांना दिसतेय—

नका बघू. बाबा, मागं. दारात कल्याण उभे— बाबा मागं बघा, मागं—