एकतीस डिसेंबरपर्यंतचा डोळा

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी, सोनल ऑफिसला गेल्यावर

नातीने, इराने, शाळेची उरलेली वही दिली. आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंतच शिकले तरी अक्षर माझं वळणदार, बाईंनी पाटी वर्गभर फिरवली होती. एका पानात चौदा ओळी बसतात.

काल कौशिकने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, आंबा आहे का. त्याला मराठी येत नाही, हसला नाही. कौशिकच्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील बसतात, त्यामुळे सगळं फुकट. अप्रूव्हल एका तासात आलं. गुरुवारी ऑपरेशन, रविवारपासून टीव्ही. जानेवारीत इराच्या शाळेचं गॅदरिंग आहे, तिचा कोळी नाच आहे. डॉक्टर म्हणाला, पहिल्या रांगेतून तिची टिकलीसुद्धा दिसेल.

सगळं छान, पण आज पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी डोळा कापून घेतं का? सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी या पंधरवड्यात त्या येऊन बघणार आणि नावं ठेवणार. कौशिक म्हणाला, आई, हे मस्कत आहे. मी म्हटलं, पंचांग काय विमानतळावर काढून घेतात?

घाई नाही. पॉलिसी एकतीस डिसेंबरपर्यंत आहे. शिवाय डोळ्याला तसं काही झालेलं नाही. इथे धूळ फार आहे, तीच मधे येते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. निझव्याच्या साइटवरून दयानंद आला, खजूर घेऊन. कौशिकच्याच कंपनीत एसी दुरुस्त करतो, देवगडकडचा. महिन्यातून एकदा आमच्याकडे जेवतो. हल्ली सारखा पोटावर हात धरून उभा असतो. हर्निया आहे. साइटवरच्या दवाखान्यात ताप असो, मुरगळलेलं असो, हर्निया असो, एकच पांढरी गोळी देतात. ऑफिसातल्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना कार्ड, साइटवरच्यांना गोळी, असं तिथलं आहे.

मी म्हटलं, कार्ड मागून घे की. तर म्हणतो, काकी, माका कार्ड कोण देतलो? पण नवा नियम येतोय असं ऐकलंय म्हणे, सगळ्या कामगारांना विमा द्यावाच लागेल. मी म्हटलं, अशा आशेवर राहू नकोस, ओवा खात जा. बरा मुलगा आहे. ऐकून घेतो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

पितृपक्ष संपला. कौशिक सकाळीच हॉस्पिटलला फोन लावायला निघाला. मी थांबवलं. नऊ दिवस अखंड दिवा, डोळ्याला पट्टी असेल तर दिव्यावर नजर कोण ठेवणार? सोनल म्हणाली, म्हणूनच डोळा करून घ्या, काल तुम्ही तेल समईच्या बाहेर ओतलंत. सूनबाई शिकलेल्या आहेत, त्यांना सगळं दिसतं.

दारात रांगोळीचं कमळ काढलं. इराने विचारलं, आजी, इज इट ऑक्टोपस? मुलांचं मराठी कच्चं आहे, कमळ हा शब्दच माहीत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. आज जेवताना कौशिकने फार मोठी बातमी दिली. दयानंद म्हणत होता तो नियम खरा निघाला. कंपनीत प्रत्येक माणसाला विम्याचं कार्ड, एक जानेवारीपासून. नवी पॉलिसी, नवी कंपनी, नवी यादी.

मला इतका आनंद झाला. मी कौशिकला समजावून सांगितलं की बघ, कणीक तेवढीच असते आणि पानावर माणसं वाढली की पोळ्या जरा पातळ लाटायच्या. सगळ्यांना मिळतात. सरकारला जमलं नाही ते मी पन्नास वर्षं करतेय. कौशिक ताक प्यायला.

निश्चय: डोळा आता नव्या पॉलिसीत करायचा. हायपरमार्केटला उद्यापासून सेल अशी पाटी लागलेली असताना आज कोणी साबण घेतं का? नव्यात नव्या सोयी असणार. दोन्ही डोळे, गुडघे, जमलं तर खालची कवळी. कौशिक म्हणाला, आई, नव्यात काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही, जुन्यात मिळतंय तोवर घे. बी.ई. झालाय, पण थांबणं कशाशी खातात ते कळत नाही.

एका पानात नऊ ओळी. अक्षर मोठं आणि मोकळं येतंय. सुधारणा आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्या किशोरीताई फराळाला आल्या. पुण्याच्या. त्यांनी ऑगस्टमधेच डोळा करून घेतला, तेव्हापासून बाईंना सगळ्यांच्या घरातली जळमटं दिसतात. माझ्या चकलीकडे बघून म्हणाल्या, जयवंतीताई, यात केस आहे. मी म्हटलं, तीळ असेल. तर उचलून दाखवला. इतकं दिसणं चांगलं नाही. माणूस खवचट होतो.

त्यांना नव्या पॉलिसीचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही घाई केलीत. तोंड पडलं बिचारीचं, असं मला तरी वाटलं, नीट दिसलं नाही, दिवा त्यांच्या मागे होता.

संध्याकाळी रुवीच्या बाजारात खरेदी. एका दुकानाच्या दारात आपल्याकडची बाई उभी होती, हिरवी साडी, खांद्यावर पदर. मी विचारलं, कुठल्या तुम्ही? उत्तर नाही. साडी कितीला पडली? उत्तर नाही. आखातात आल्यावर लोकांना गर्व चढतो. सोनलने हाताला धरून पुढे नेलं आणि सांगितलं की ती पुतळी होती. दुकानांनी बाहेर नीट उजेड ठेवायला काय होतं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं पार पडलं. दयानंद आला. खूश होता, विम्याचा फॉर्म भरायला मिळालाय. मला म्हणाला, काकी, नाव बरोबर लिवलंय काय बघा. मी नीट वाचलं, एकदम बरोबर म्हणून सांगितलं. इराने येऊन कागद सुलटा केला.

मग म्हणतो, काकी, तुमचो डोळो कधी? सेलचं गणित समजावलं. त्याने फॉर्मावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, फॉर्मात बायल आसा, पोरां आसत, आवशीबापाशीचो रकानो खंय दिसाक नाय. मी म्हटलं, अरे, हा कामगारांचा फॉर्म, ऑफिसरांचा वेगळा असणार. साध्या माणसांना या गोष्टी समजवाव्या लागतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला

कौशिक सर्क्युलर घेऊन आला. फॉर्म एकच आहे. कर्मचारी, बायको, मुलं, बस. कंपनीने पूर्वी ऑफिसवाल्यांच्या आईवडिलांवर जे खर्च होत होतं ते काढून सगळ्या कामगारांच्या कार्डात घातलं. पैसे तेवढेच ठेवलेत म्हणे, वाटेकरी वाढले.

मी म्हटलं, पातळ लाटा म्हटलं होतं, माझ्या पानातली उचला असं कुठे म्हटलं होतं. कौशिक म्हणाला, तुझंच उदाहरण मीटिंगमधे कोणीतरी दिलं असणार. वडिलांवर गेलाय, वेळ बघत नाही.

एचआरमधल्या बाईंशी मला बोलू दे म्हटलं. जिथे आईला बसवत नाहीत अशी पॉलिसी त्यांच्या घरी तरी चालेल का? कौशिकने फोन दिला नाही. उलट दम दिला, नऊ डिसेंबरला चल, नाहीतर डोळ्यासाठी सांगलीला जावं लागेल. इथे खिशातून करणं परवडायचं नाही.

सांगलीला जाऊबाई आहेत. चार वर्षांपूर्वी निघताना मी त्यांना सांगून आले होते की आता माझं सगळं मस्कतलाच.

तरी नऊ तारीख जमणार नाही. बिल्डिंगमधे गुरुवारची पोथी मी वाचते, चार गुरुवार, मधेच पट्टी बांधून कशी बसू? किशोरीताई म्हणतात, तुम्ही पुस्तक उघडता एका पानावर आणि म्हणता दुसरंच. पाठ आहे म्हणून. त्यात चूक काय?

ठरलं: अठरा डिसेंबरला उद्यापन, लगेच पुढच्या आठवड्यात डोळा. शब्द दिलाय.

२० डिसेंबर, शनिवार

उद्यापन छान झालं. पंचांग इराकडून बघून घेतलं. पौष लागतोय. पौषात कोणी काही नवं करत नाही. हे कौशिकला सांगितलं. त्याने पंचांग घेतलं आणि फ्रिजवर ठेवलं. माझा हात तिथे पोचत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार. दुपारी

हॉस्पिटलला जाऊन आलो. लिहिताना पण हसू येतंय.

बसायला जागा नव्हती. सगळीकडे आया. मराठी, गुजराती, मल्याळी, एक तेलुगू, प्रत्येकीचा मुलगा कपाळाला हात लावून शेजारी उभा. सगळ्यांना एकतीस डिसेंबरच्या आत डोळा हवा. माझ्या शेजारच्या बाई राजकोटच्या. त्यांनी आधी पितृपक्ष पाळला, मग नवरात्र, मग दिवाळी. मी म्हटलं, अगदी बरोबर केलंत. बरं वाटलं. कौशिकला म्हटलं, बघ, जगात शहाणी माणसं आहेत. तो म्हणाला, हो आई, सगळी याच लाइनीत आहेत.

काउंटरवर तस्नीम नावाची मुलगी, गोड. सप्टेंबरचं अप्रूव्हल बाद झालं, नवीन मागवते म्हणाली. आणि ऑपरेशनची तारीख चार जानेवारी. कौशिकने सांगितलं की पॉलिसी एकतीसला संपते. ती म्हणाली, सगळ्यांची तेव्हाच संपते, अंकल. कोणी रद्द केलं तर फोन करीन, इन्शाल्ला.

डॉक्टरने वाटेत ओळखलं. सप्टेंबरमधे या डोळ्यासाठी गुरुवारची जागा होती म्हणाला. लक्षात आहे म्हटलं.

पण कोणीतरी नक्की रद्द करील. पौष आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

फोन जवळ घेऊन बसलेय. दोनदा वाजला. एकदा गाडी धुणारा. एकदा किशोरीताई, फोन आला का विचारायला.

पौषातही कोणी रद्द करत नाही. लोकांना धर्म राहिलेला नाही.

१ जानेवारी, गुरुवार

खलास.

कौशिकने नवीन कार्डं आणली. त्याचं, सोनलचं, इराचं. इराचं हातात घेऊन बघितलं. गुळगुळीत आहे. इराचे डोळे चांगले आहेत, दातही.

मी कौशिकला म्हटलं की मला विमा नाही याचा अर्थच असा की मला काही झालेलं नाही. तो म्हणाला, अठरा तारखेचं तिकीट काढतो. गॅदरिंग बावीसला आहे, पाच दिवस पुढे ढकल म्हटलं. जाऊबाईंनी सांगलीतल्या डॉक्टरकडे वीस तारीख आधीच घेतलीय म्हणे. चार वर्षं याचीच वाट बघत होती बाई, फोनवर आवाजात अशी ऊब होती.

पानात पाच ओळी.

१६ जानेवारी, शुक्रवार

दयानंद आला. हर्नियाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले. कार्ड दाखवलं, खिशात परत ठेवताना दोनदा चाचपलं. पहिल्यांदा मी त्याचे दोन्ही हात मोकळे बघितले, कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. ओवा बंद केला का विचारलं. आता गरज ऱ्हवली नाय काकी, म्हणाला.

पोळ्या चार वाढल्या. चौथी माझ्यातली. पातळ झाल्या होत्या, पण पुरल्या.

जाताना दाराशी थांबला. म्हणाला, काकी, ऑफिसात इचारलंय, माझ्या कार्डार तुमचो डोळो बसवक येता काय. हसले थंय सगळे. मी पण हसले. मग आत जाऊन त्याच्यासाठी लाडू बांधले. डब्याचं झाकण जरा वेळाने सापडलं.

त्याने एक काळा जाड मार्कर दिला. एसीच्या खोक्यांवर नंबर घालायचा. तुमका लिवताना बरो, म्हणाला. मी लिहिते हे त्याला कोणी सांगितलं?

१७ जानेवारी, शनिवार

मार्करने लिहितेय. दोन ओळी एका पानात. वही आज संपणार.

बॅग भरली. डोळा तसा उत्तम आहे, जाऊबाई फारच आग्रह करतात म्हणून जाते.

संध्याकाळी इराने हॉलमधे नाच करून दाखवला. सगळा, पहिल्यापासून. मी सोफा पुढे ओढून बसले. फार छान नाचली. म्हटलं, पिवळी साडी शोभतेय.

सोनल म्हणाली, पिवळीच आहे, आई. मग आत गेली. इरा म्हणाली, आजी, ग्रीन आहे.

फ्रिजवरचं पंचांग इराने स्टुलावर चढून काढून दिलं. म्हटलं, उद्याचा दिवस बघ. तिने अडखळत वाचलं.

अमावास्या आहे.

मी कोणाला काही बोलले नाही.