स्लॅबमधल्या गोल भोकाची हकीकत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
शालेय इमारत सुरक्षा कक्ष (उपनगर विभाग),
नाशिक.

अर्जदार : श्रीमती बिलकिस हनीफ मणियार, मुख्याध्यापिका, कॅनॉल वसाहत मराठी शाळा.

विषय : कॅनॉल वसाहत शाळा तिच्या स्वतःच्या इमारतीत पुन्हा भरविण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची एप्रिलमधील इमारत पाहणी. २) त्यानंतरची आपली तीन पत्रे व अर्जदाराची सहा.

महोदय,

१. अर्जदाराची उभी नोकरी नाशिकच्या उपनगरांतील शाळांत गेली. योगायोग असा, की ज्या तीन शाळांत तिची बदली झाली, त्या तिन्ही एकाच वास्तुविशारदाने, म्हणजे कै. ज्ञानेश गायधनी यांनी, एकाच नकाशावरून बांधलेल्या. त्यामुळे नव्या शाळेत पहिल्या दिवशीही तिला जिना शोधावा लागला नाही. यंदा एप्रिलमध्ये आपल्या कक्षाने आमची इमारत धोकादायक ठरविली. कारण एवढेच दिले, की व्हरांड्यातील झाडाने स्लॅब फोडला आहे. जूनपासून आमची मुले महामार्गापलीकडच्या शाळेत दुपारच्या पाळीला जातात. म्हणजे ज्यांना घरचे सोडतात ती जातात. साहेब, झाडाने स्लॅब फोडलेला नाही. पण हे मुळापासून सांगितल्याशिवाय कोणाच्या गळी उतरत नाही, असा अर्जदाराचा अनुभव आहे, म्हणून आपला थोडा वेळ घेते.

२. शहराच्या कडेचे मळे प्लॉट पाडून विकले जाऊ लागले, तो काळ. घरे उठली, किराणा दुकाने उठली, पिठाच्या गिरण्या आल्या, शाळेचा मात्र पत्ता नाही. पोरे देवळाच्या ओट्यावर बसून पाढे म्हणत. थेटे मळ्यातील पुंजा थेटे यांनी शाळेला जमीन बक्षीस दिली, पण एक अट घालून. बांधावरचा कडुनिंब तोडायचा नाही. दुसरा कोणी असता तर मान डोलावून कागद पदरात पाडून घेतला असता आणि नंतर गुपचूप कुऱ्हाड चालवली असती. गायधनी साहेबांनी तसे केले नाही. त्यांनी व्हरांड्याच्या स्लॅबला निंबाच्या बुंध्याभोवती चांगले ऐसपैस गोल भोक ठेवले (अर्जदारास याहून सभ्य शब्द सापडत नाही), त्याला सिमेंटचा सुबक काठ केला, आणि खाली पोरांना बसायला कट्टा बांधला. थेट्यांची अट राहिली, शाळाही झाली. लांबलांबचे लोक ती बघायला येत.

३. लोक बघायला येऊ लागले, तिथेच घात झाला. ती इमारत 'नमुना आराखडा' म्हणून मंजूर झाली आणि उरलेल्या पाच वसाहतींत तशाच शाळा बांधण्याचा हुकूम सुटला. नमुन्यात काडीचाही फेरफार करू नये, असे त्यात लिहिलेले. मग काय, जिथे साधे झुडूप नव्हते तिथेही व्हरांड्याच्या स्लॅबला गोल भोक. गायधनी साहेबांनी लेखी हरकत घेतली. त्यांना सांगण्यात आले, की अंदाजपत्रकात भोकाचा काठ धरलेला आहे. आता भोक ठेवले नाही तर तपासणीत आक्षेप येईल. एका शाळेने त्या भोकातून झेंड्याचा खांब वर काढला. दुसरीने वर पत्रा ठोकला, तो वावटळीत उडून शेजारच्या गोठ्यावर जाऊन पडला, आणि म्हैस आठ दिवस दूध देईना. अखेर गायधनी साहेब स्वतः स्कूटरवर रोपे घेऊन निघाले. झाडासाठी भोक ठेवणारा माणूस आता भोकांसाठी झाडे लावत हिंडू लागला. आमच्या शाळेत त्यांनी बकुळ लावली. अर्जदार तेव्हा याच शाळेत नुकती नोकरीला लागली होती; बदल्या होत होत मुख्याध्यापिका म्हणून ती पुन्हा इथेच आली. मे महिन्यात पाणी कोण घालणार, असे त्यांनी विचारले तेव्हा बाकीचे इकडेतिकडे बघू लागले, म्हणून तिने मी घालीन म्हटले, आणि घातले.

गायधनी साहेब पुढे निवृत्त झाले व वारले. त्यांच्या नावाची पाटी एकाही शाळेवर नाही. पाटी उद्घाटकांची असते.

४. ही सर्व हकीकत अर्जदाराने आपल्या कक्षास वेळोवेळी कळविली. झाड भोकातून वर आले आहे, झाडामुळे भोक पडलेले नाही. फुटलेल्या स्लॅबला घोटीव गोल काठ नसतो, हेही लिहिले. त्यावर मूळ नकाशा सादर करण्याचा आदेश झाला. अर्जदाराने गायधनी साहेबांच्या कन्येकडून तो मिळवला, आणि आता प्रश्न मिटला असे समजून घरी शिरखुर्मा केला. आपले उत्तर आले, की नकाशात कडुनिंब दाखविला असून जागेवर बकुळ आढळते, सबब हा नकाशा या इमारतीचा नाही. तेव्हा तिने विनंती केली, की आपण थेटे मळ्याची पहिली शाळा एकदा डोळ्यांनी पाहावी. आपले कर्मचारी जाऊन आले. पण तेथील कडुनिंब दोन वर्षांपूर्वीच तोडून भोक बुजवलेले आहे, हे अर्जदाराच्या कानावर आलेले नव्हते. पाहणीचा शेरा आला : 'नमुना शाळेत भोक आढळून आले नाही.' तो वाचून अर्जदारास आधी हसू आले. मग त्या दिवशी तिला जेवण गेले नाही. पुंजा थेटे आज हयात नाहीत, हे एका परीने बरेच.

५. आता शाळेचे. महामार्ग ओलांडण्यासाठी रिक्षांची सोय 'विचाराधीन' आहे. मुलगे धावत ओलांडतात, त्यांना ओरडून काही उपयोग नाही. मुली येईनाशा झाल्या. सातवीतील राखी ही फुले विकणाऱ्या गोजराबाईंची नात. आईबाप नाहीत, आजीनेच वाढवलेली. अर्जदार घरी गेली तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, "मॅडम, हायवेचा ट्रक काय पोरगी बघून थांबतो का? एकच नात हाय माझी. शिकून मोठी व्हायला आधी जित्ती तर राहू द्या." बाईचे काही चुकत नव्हते. चहा घेऊन अर्जदार परत आली. राखीसारख्या आणखीही आहेत. त्यांतल्या जरा थोराड दिसणाऱ्या पोरींच्या घरी काय बोलणी चालली आहेत, ते सरकारी कागदावर न लिहिलेलेच बरे.

६. आपल्या कक्षातील कनिष्ठ अभियंता हे भले गृहस्थ आहेत. त्यांनी अर्जदारास बाजूला घेऊन सगळे नीट समजावले. भोक मुद्दाम ठेवलेले असेल तर ते नुकसान नव्हे. नुकसान नाही तर दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय 'धोकादायक' हा शेरा निघत नाही. म्हणजे बाई, तुम्ही खरे सिद्ध कराल तर तुमची शाळा कायमची बंद. तेच झाडाने स्लॅब फोडला असे तुम्ही स्वतः लिहून दिलेत, की झाड तोडून, भोक बुजवून, दिवाळीच्या आत शाळा सुरू. थेटे मळ्याला असेच केले, असेही ते म्हणाले. त्यांनी हमीपत्राचा मसुदाच हाती दिला. त्यात तीन गोष्टी आहेत : झाडाने स्लॅब फोडला, शाळेने वेळीच लक्ष न दिल्यामुळे हे घडले, झाड तोडण्यास शाळेची संमती आहे.

अर्जदाराने तो मसुदा टेबलाच्या खणात टाकला व सही करणार नाही असे सर्वांना सांगितले. निवृत्तीच्या वर्षात निष्काळजीपणाचा ठपका घ्यायचा, तोही न केलेल्या गोष्टीचा? आणि ज्या माणसाने एक झाड वाचवण्यासाठी एवढा उपद्व्याप केला, त्याच्या सहाही शाळांमागे 'झाडाने स्लॅब फोडला' हे बालंट आपणही लावून द्यायचे? तिला स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हे कबूल केले पाहिजे.

७. परवा ती पुन्हा गोजराबाईंकडे गेली. म्हातारी घरी नव्हती, म्हणून अर्जदार तिच्या वावरात गेली. राखी झेंडू तोडत होती. अंगावर शाळेचा निळा युनिफॉर्म होता. अर्जदारास वाटले, पोरगी शाळेतून आली की काय. तिने विचारलेही. गोजराबाई म्हणाल्या, "शाळा तर सुटली ना आता. मंग वावरात घालून फाडू दे की. नवा कपडा कशाला खराब करायचा?" राखीने मान वर केली नाही.  अर्जदाराने परत येऊन टेबलाचा खण उघडला आणि तिन्ही वाक्यांखाली सही केली.

८. तरी विनंती अशी, की सोबतचे हमीपत्र स्वीकारून बकुळ तोडावी, भोक बुजवावे आणि शाळा इमारतीत भरविण्याचा आदेश तातडीने व्हावा. तोडणी रविवारी करावी. अर्जदार हजर राहणार नाही.

आणखी एक. हमीपत्रात लिहिले आहे ते खोटे आहे व या अर्जात लिहिले आहे ते खरे. आपणास शाळा उघडण्यासाठी खोटे लागते, ते दिले आहे. ते फायलीत वर लावावे आणि हा अर्ज त्याच्या खाली. उद्या कोणी निष्काळजीपणाबद्दल विचारले तर वरचा कागद दाखवावा, अर्जदाराची तक्रार नाही. फक्त खालचा फाडू नये.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
बिलकिस हनीफ मणियार
मुख्याध्यापिका
नाशिक, दि. २१ जुलै २०२५

सोबत :
१) हमीपत्र. सही अर्जदाराची स्वतःची असून कोणी जबरदस्ती केलेली नाही.
२) कै. गायधनी यांच्या मूळ नकाशाची प्रत. आपण ती या इमारतीची नसल्याचे ठरविले आहे, तरी ठेवून घ्यावी.