मेरीच्या रानहळदीचे हाल

मित्रवर्य ऑस्कर यांस,

चंद्रहासचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच). प्रकृती विचारतो ती केवळ रीत म्हणून. खरी हकिगत तुझी सुझान सांगतेच. तुझी मेरी देवाघरी गेल्यापासून तू वाडीच्या फाटकाबाहेर पडलेला नाहीस, चर्चमध्ये मिस्साला जात नाहीस, पत्रंसुद्धा पोरीकडून वाचून घेतोस. असो. लिहितोय ते रानहळदीबद्दल.

मेरीने डोंगरातून आणलेली ती कुंडी "माझ्याच्यानं बघवत नाय, तू ने" म्हणून तू दिवाळीनंतर माझ्या हवाली केलीस. लवकरच पानं वाळली आणि नुसती माती उरली. हिवाळ्यात गड्डा जमिनीखाली झोपतो, तेव्हा पाणी घालू नकोस, हे तू बजावलं होतंस. पण माझा सगळा जन्म वर्गातल्या झोपाळू पोरांना उठवण्यात गेलेला! मी रोज तांब्याभर पाणी घातलं. जिवंत आहे का, म्हणून चमच्याने उकरून पाहिलं. नाताळात कुंडीला माझा मफलर गुंडाळला. जागा फुकट जाते म्हणून आमच्या मनोरमेने वर पुदिना लावला. इतकं सोसूनही पावसाळ्यात पानं आली, तर नागपंचमी आडवी आली. पातोळ्या उकडायला हळदीची पानं दरवर्षी मेरी पाठवायची. यंदा कोण पाठवणार? आमच्या हिने सरळ कुंडीतलीच दोन पानं कापली. म्हणाली, "मेरीच्याच घरची ना ती?" पातोळ्या झाल्या, पण ही पडली रानहळद, हळदीच्या पानाचा तो वास काही उतरला नाही. तशाच खाल्ल्या. हिने पदराने डोळे पुसले, आणि मलाही मेरीची फार आठवण आली, ऑस्कर.

आता झाडाने मान टाकली आहे. रविवारी सकाळी त्याला ओंजळभर युरिया घालावा म्हणतो. तुझी हरकत नसेलच.

तुझा,
चंद्रहास

ता. क. : सुझान बाळा, इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी. पप्पांना युरियापर्यंतच वाचून दाखव. पाणी, चमचा, मफलर, पुदिना, झाडाने मान टाकणं आणि युरियासुद्धा, या सगळ्या थापा आहेत. हिवाळाभर मी कुंडीला बोटसुद्धा लावलेलं नाही. पातोळ्या तेवढ्या खऱ्या.

आणखी एक : रविवारी स्कूटर फाटकाशी तयार ठेव. समजूत घालून ते हलत नाहीत, निदान मला शिव्या घालायला तरी बाहेर पडतील. कालच कुंडीत रानहळदीचा तुरा वर आला, गुलाबी, आत पिवळी फुलं. त्याबद्दल त्यांना अवाक्षर बोलू नकोस. त्यांचं त्यांना दिसू दे.