येसाजींचं करंजाचं तेल आणि शेठची लाल मोटार

मुरुड, १८ मार्च १९५८

तीर्थस्वरूप चांगदेवमामांना,

भाचा तुळशीराम याचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण डावा हात फळीला बांधून गळ्यात अडकवलाय, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घ्या. तुमचा दमा कसा आहे? मामींचा गुडघा? इकडे आई मजेत, म्हैस मजेत, भाताची गिरण मजेत (पट्टा दोनदा तुटला, पण ते चालायचंच). सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुम्ही मुंबईहून बोटीवरच्या माणसाबरोबर पाठवलेले ब्रेकचे लायनर पोचले. ते कुणासाठी हवे होते ते घाईत लिहायचं राहिलं. इथे समुद्राकाठच्या बंगल्यात रुस्तमशेठ राहतात. त्यांनी दिवाळीत एक लाल विलायती मोटार आणली; तिची दुरुस्ती गिरणीत माझ्याकडे. ती दोन माणसांची आहे, पण शेठ बसले की एकाचीच उरते. त्यांचे मुंबईचे दोन दोस्त पुनवेला न् अवसेला आपापल्या गाड्या घेऊन येतात, कारण तेव्हा ओहोटी लांब जाते आणि वाळू पाटासारखी टणक पडते. मग तिघांची शर्यत. मैलभर जायचं, पिंपाला वळसा घालून परत यायचं आणि दोन निशाणांच्या मधे गाडी उभी करायची. हा निशाणांचा नियम मोटारवाल्यांचा नव्हे, आमच्या बैलगाडीच्या शर्यतीतला. तो घातला येसाजींनी. येसाजी वीस वर्षं शर्यतीचे पंच आहेत, आणि राहीचे वडीलही आहेत. (राही कोण ते मामींना विचारा, त्यांना माघातच कळवलंय.)

माघात मी राहीला मागणी घातली. येसाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पळवायला काय रं, शेपूट पिरगाळली की बैल पळतो. थांबवायला माणूस लागतो. शेठची ती लाल गाडी निशाणात थांबवून दाव, मग पोरीचं बघू." मामा, माझा सारा संसार त्या लायनरवर येऊन बसला! गाडी शेठ हाकणार, मी नुसता शेजारी (म्हणजे अर्धा दाराबाहेर) बसणार, पण ब्रेक माझ्या हातचे.

तुम्ही दोन तऱ्हांचे लायनर पाठवलेत. मऊ विणलेले थंड असतानाही झटकन पकडतात, पण तापले की वास मारतात आणि सुटतात. कडक काळे तापल्याशिवाय पकडतच नाहीत, पण एकदा तापले की मग सोडत नाहीत. (येसाजी या दुसऱ्या जातीचे.) तीन दिवस मला अन्न गोड लागेना. त्यात सल्ल्यांना काय तोटा! चांभार म्हणाला चामडं लाव, गिरणीचा मालक म्हणाला जुना पट्टा कापून लाव, आणि कोळीवाड्यातल्या एका तांडेलाने तर गाडीच्या मागे नांगर बांध, फेकला की उभी राहील, असं शपथेवर सांगितलं. शेवटी मी हिशेब केला. पिंपाच्या वळणावर ब्रेक तापणारच, म्हणजे निशाणांपाशी कडकच कामाला येणार. धुळवडीला सकाळी कडक लायनर बसवले, चारही चाकं उघडी ठेवली आणि जेवायला गेलो.

तेवढ्यात काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. येसाजी गिरणीत आले होते. बोलतात कडक, पण पोरीच्या मनातलं त्यांना ठाऊक, आणि आपला माणूस हरू नये असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी उघडी चाकं पाहिली. आत हात लावून बघतात तो सगळं कोरडं ठणठणीत! गाडीच्या चाकात वंगण नाही हे ज्याने जन्मभर बैलगाड्या हाकल्या त्याला बघवेल का? त्यांनी आपली करंजाच्या तेलाची नळी काढली आणि चारही चाकांच्या लायनरला, राही न्हाताना डोक्यालाही लावत नसेल इतक्या मायेने, तेल चोपडलं. मी जेवून आलो तर लायनर चकचकीत दिसले. मुंबईचा माल, पॉलिश असेल म्हटलं. ओहोटी कुणासाठी थांबत नाही, म्हणून घाईघाईत चाकं चढवली. वाळूपर्यंत गाडी लोकांनी ढकलतच नेली, त्यामुळे ब्रेक दाबून बघायचा प्रश्नच आला नाही. (हो, चूक माझीच. इतकं खदखदून हसू नका.)

काय सांगू मामा, गाडी अशी सुटली! पिंप आलं, शेठनी ब्रेक दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, काही नाही. आम्ही गुडघाभर पाण्यातून, खारं पाणी उडवत, एवढा थोरला वळसा घेतला. दोस्तांनी आपापल्या गाड्या शहाण्यासारख्या हळू केल्या, आणि त्यामुळेच आम्ही पहिले! किनाऱ्यावर लोक टोप्या उडवत होते, मीही वेड्यासारखा ओरडत होतो. पण निशाणं जवळ आली तरी वेग कमी होईना. शेठ किंचाळले, "डीकरा, आ तो अटकती ज नथी!" (म्हणजे ही थांबतच नाही!) आणि घाबरून त्यांनी क्लचही दाबून धरला, म्हणजे गाडी पुरती मोकाट. निशाण गेलं, दुसरं गेलं, येसाजी पंचाची काठी टाकून बाजूला उडाले, आणि आम्ही आवडाबाई कोळणीच्या वाळत टांगलेल्या बोंबलांच्या बांबूंत घुसलो. शेठच्या दोन्ही कानांवर बोंबील लोंबत होते. माझा हात तिथेच मोडला. आवडाबाईने आमची सात पिढ्यांची विचारपूस केली आणि शेठसकट सगळ्यांना बोंबील पुन्हा टांगायला लावले. शेठ मात्र पहिले आल्यामुळे इतके खूश, की बोंबील टांगताना गात होते.

येसाजींनी तिथल्या तिथे सांगितलं, "सोयरीक न्हाय." दुसऱ्या दिवशी एका हाताने चाक उघडलं, तर आत करंजाचा घमघमाट, आणि खिडकीत येसाजींची नळी. ती मी उचलून ट्रंकेत टाकली. राहीने वडिलांच्या धोतराला येणारा तो वास कधीच ओळखला होता. विहिरीवर मला म्हणाली, "तू सांगतोस का मी सांगू?" मी म्हटलं, खबरदार. वीस वर्षांचा पंच आहे, गाव हसेल त्यांना. ती रागावून निघून गेली. मला फार वाईट वाटलं, पण तोंड उघडलं नाही.

मामींना व सर्वांना नमस्कार.

आपला,
तुळशीराम

ता. क. १ : खरं काम आता लिहितो. तुम्ही दोन दिवसांची रजा काढून या, आणि येसाजींना सांगा की लायनर मुळातच खराब होते, दोष माझ्या मामाचा म्हणजे तुमचा. तुम्ही मुंबईला परत जाणार, तुम्हाला इथे कोण हसणार? एवढं खोटं भाच्यासाठी बोलाच.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच येसाजी दारात! मला वाटलं आता काठीच बसते. तर खाली बघत म्हणाले, "तुळशा, माझी वंगणाची नळी तुज्याकडं हाय न्हवं? दे. उद्या बैल जुपायचे हायत." मी ती ट्रंकेतून काढून दिली. ती धोतराला पुसत म्हणाले, "बारा दिस वाट बगितली, कवा गावात बोंबलतोस त्याची. येका माणसाकडं बोलला न्हाईस. गाडी न्हाय थांबली, पर तू थांबलास. पोर दिली तुला." मामा, मी रडलो हो! एका हाताने डोळे पुसून लगेच हे लिहायला घेतलं. लग्न वैशाखात. तेव्हा खोटं बोलायला येऊ नका, जेवायला या.

ता. क. ३ : हे पत्र वाचून झाल्याबरोबर चुलीत घाला. (मीच फाडणार होतो, पण एका हाताने एवढं लिहिलेलं फाडवत नाही.) तुमच्या चाळीत निम्मे लोक मुरुडचे, आणि तुम्हाला पत्र मोठ्याने वाचायची सवय. कुणी विचारलंच, तर मी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही. तुम्हालासुद्धा.