फुकट होतं म्हणून नाही

बाई, आज मी कोलशेतच्या ऑफिसात साहेबांशी भांडले आणि घरी येईपर्यंत मनात तुमच्याशीच बोलत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी संताप झाला की मला तुमचं डोंबिवलीचं स्वयंपाकघर आठवतं. ओट्यावर कुकर, खाली सतरंजीवर आम्ही दहावीला गणितात नापास झालेल्या सहा मुली. फी नाही. नियम एकच, दोन दिवस दांडी मारली की तिसऱ्या दिवशी बाई दारात. आमच्याकडे आलात तेव्हा आईचं हळदीकुंकू चाललेलं, घर बायकांनी भरलेलं. आई वाण घेऊन पुढे होते, तर तुम्ही म्हणता, "वाण राहू दे. हिची वही कुठेय? ताप असता तर औषध आणलं असतं. आळसाला काय आणू?" मी महिनाभर तुमच्यावर धुमसत होते. पण दुसऱ्या दिवशी सतरंजीवर होते.

आता मी एका संस्थेत आहे. टिटवाळ्यातल्या मुलींची नावं मोफत ऑनलाइन कोर्सला घालायची, त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं, हे माझं काम. परदेशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्स, बाई, घरबसल्या, सगळ्या जगाला फुकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. आता चीड येते. शिकवणं इंग्रजीत, घरात फोन एकच, तोही भावाच्या खिशात. मुलगी मध्येच थांबली की माझ्या स्क्रीनवर तिचं नाव लाल होतं, बस्स.

आज साहेब म्हणाले, "मॅडम, गळती होणारच. फ्री आहे ना, लोकांना किंमत नसते." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मीपण फुकटच शिकलेय. फुकट म्हणून नाही गळत मुली. कोणी विचारायला जात नाही म्हणून गळतात." ते हसले. "मग काय, घरोघर फिरायचं?" मी फाइल आपटून निघाले.

साहेबांवर ओरडणं सोपं होतं. त्या लाल नावांत एक मुलगी आहे, सगळ्यांत हुशार. निम्मा कोर्स तिने भराभर संपवला, मग मला मेसेज केला, "मॅडम, इथून पुढे काहीच कळत नाहीये. एकदा समजावाल का?" मी लिहिलं, "व्हिडिओ पुन्हा बघ." खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. त्यानंतर ती आलीच नाही. शनिवारी कोर्स बंद होतोय. तोवर पूर्ण झाला नाही, तर ठाण्यातल्या नोकरीची तिची मुलाखत हुकणार.

तिचं घर मी राहते त्या इमारतीमागच्याच गल्लीत आहे, बाई. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, तेव्हा खोटं कशाला लिहू. शेवटी लिहिणार होते की उद्या तिच्या दारात जाऊन वही मागते. पण हे मी परवाही ठरवलं होतं, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी भाजी घेऊन सरळ घरी आले.