मेघाचं वर्ष

१६ एप्रिल

आले बाई एकदाची नरडाण्याला! स्टेशनावर उतरले तेव्हा दुपारचे दोन, आणि रिक्षावाला मला उन्हाची भीती घालत होता. भुसावळच्या पोरीला ऊन शिकवतो! इथल्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचंय. जूनपर्यंतचं काम, जमलं तर पुढेही. खोली फर्मास आहे. गच्चीला लागून, दोन खिडक्या, भिंतीला ताजा पिवळा रंग. घरमालकीण लिलाबाई पन्नाशीच्या, खाली एकट्याच राहतात. मला अक्का म्हण, म्हणाल्या. आल्याआल्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढला. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि अक्का पदर तोंडाला लावून हसतायत. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते जपून वापर, एवढीच त्यांची अट. स्वतःलाच म्हटलं, दीपमालाताई, नशीब काढलंत!

२१ एप्रिल

आज कळलं, अक्कांना एक मुलगी होती. मेघा. अकरावीत होती, गेल्या जूनमध्ये काविळीनं गेली. त्या हसऱ्या बाईच्या पोटात एवढं दुःख असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना त्यांनी मला विचारलं, तू ताऱ्यांचं शिकवतेस ना, मग सांग, मेघा आता कुठे असेल? आमच्या घरात मेल्यामागचं कुणी मानत नाही. बाबा असते तर म्हणाले असते, खरं ते सांग. पण अक्कांचा चेहरा पाहवेना. मी मोबाइलवर एका ग्रहाचं चित्र दाखवलं. चौसष्ट प्रकाशवर्षं दूर, म्हणजे तसा शेजारीच, दुसऱ्या सूर्याभोवती फिरणारा. रंग गर्द निळा. म्हटलं, इथे आहे तुमची मेघा.

अक्कांनी मोबाइल कपाळाला लावला. मग कितीतरी वेळ रडल्या, पण हलक्या होऊन रडल्या. पुण्यच केलं मी, दुसरं काय?

२५ एप्रिल

अक्का आता रोज त्या ग्रहाचं विचारतात. नाव विचारलं. आता काय सांगू, नाव कसलं, नुसते आकडे! त्यांनीच ठेवलं, मेघानं गाव, म्हणजे मेघाचं गाव. तठे पानी शे का, म्हणजे तिथे पाणी आहे का, विचारलं. मी ‘हो’ म्हणाले. वाफ आहेच की थोडी. वर्ष केवढं, तेही विचारलं. मला मेलीला शिकवायची खोड! सांगून बसले, तो त्याच्या सूर्याला इतका चिकटून फिरतो की सव्वादोन दिवसांत त्याचं वर्ष पुरं होतं. मला वाटलं, हसतील. त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.

३० एप्रिल, आखाजी

आज अक्षय्य तृतीया, इथली आखाजी. गल्लीत झोके बांधलेत, माहेरी आलेल्या मुली सकाळपासून गाणी म्हणतायत. अक्कांनी मेघाची घागर भरली. वर आंबा ठेवला, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकून नाव घेतलं. मेलेल्या माणसाला आखाजीला पाणी द्यायचं, ते त्याला वर्षभर पुरतं, असं त्यांनी सांगितलं. मेघाची ही पहिलीच घागर. मी हात जोडले नाहीत, पण डोळे भरून आले.

२ मे

अक्कांनी पुन्हा घागर भरली, आंबा ठेवला, घास टाकला. मी विचारलं, आता कसली आखाजी? त्या शांतपणे म्हणाल्या, मेघाचं वर्ष झालं ना.

तूच सांगितलंस ते, दीपमाला. आता भोग.

५ मे

आज नको ते झालं. शेवटच्या तासाला मुलं कंटाळली होती, म्हणून मी त्या ग्रहाचं सांगायला लागले. निळा दिसतो, पण गार मुळीच नाही. भट्टीसारखा, हजारेक अंश. सगळा वायूच, पाय ठेवायला जमीन नाही. एक बाजू कायम सूर्याकडे, तिथे दुपार कधी कलत नाही. वारा ताशी हजारो किलोमीटर, आणि त्या वाऱ्यावर काचेचा पाऊस, तोही आडवा. वर सडक्या अंड्यांचा वायू. मुलं ‘बापरे, बापरे’ करत होती, आणि मला चेव चढलेला.

दाराशी अक्का उभ्या होत्या. माझा विसरलेला डबा घेऊन.

घरी जिन्याशी थांबून म्हणाल्या, “मन्ही पोरले कोठे धाडं वं तू?” कुठे धाडलं मी त्यांच्या पोरीला?

८ मे

अक्का पाणी पीत नाहीत. पिंपातलं सगळं मेघासाठी. मी भांडले, हातापाया पडले. खोटं बोलले होते, तिथे कुणी नाही, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग ती रोज दुपारी हाका का मारते?

सकाळी गळ्यापर्यंत भरलेली घागर बारा वाजता कोरडी. चव्वेचाळीस अंश आहे, उडालं असेल. पण मातीची घागर एका सकाळीत—

तळाशी हात घातला. बारीक निळी काच. बोट कापलं.

१० मे

जिन्यात सडक्या अंड्यांचा वास. नाली साफ करून घेतली. वास तसाच.

माझ्या पिवळ्या भिंतीवर ओरखडे. शेकडो, सगळे आडवे. खिडक्या बंद होत्या. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

अक्कांचे ओठ फाटलेत. बठ्ठं पानी पी गयी, सगळं पाणी पिऊन गेली, असं म्हणतात आणि हसतात. लेक जेवल्यावर आई हसते, तशा.

मी ऐकलं आज. घागरीतून. मुलीचा आवाज—

११ मे

अक्का गेल्या. ऊन लागलं, म्हणाले धुळ्याचे डॉक्टर. सकाळी दहाला.

शेवटी माझा हात धरून विचारत होत्या, मी जाईन ना मेघाजवळ? तिथेच ना?

नाही म्हणायला हवं होतं. मेघा नाही तिथे, तुम्हीही नाही, असं ठासून सांगायला हवं होतं. पण त्या डोळ्यांपुढे— पुन्हा तेच केलं मी. म्हणाले, हो अक्का. तिथेच.

समाधानानं गेल्या. मी पाठवलं त्यांना. त्या भट्टीत, मीच.

१३ मे

भुसावळला जायला बॅग भरली. उंबऱ्याशी पाय अडतो. मी गेले तर घागर कोण भरणार?

नळ आला नाही. शेजारी मागून अर्धी कळशी मिळाली. तेवढीच.

दुपारचे चार. अक्कांना जाऊन सव्वादोन दिवस. म्हणजे आज त्यांचंही वर्ष—

दोन घागरी मांडल्या. पाणी एकीपुरतंही नाही. मी हात जोडलेत. बाबा, मी हात जोडलेत—

खिडकीची काच थरथरतेय. वास. भिंतीवर कर्रर्र कर्रर्र, आडवं—

अक्कांच्या घागरीशी कळशी नेली. आतून आवाज आला, अक्कांचाच, भाजलेला. माले नको. पहिले मेघाले दे.

ओतलं. सगळं मेघाला ओतलं. कळशी रिकामी.

अक्का काही बोलत नाहीत. नुसत्या आत— श्वास— मी रडतेय, ते पाणी चालेल का, अक्का, हे घ्या, एवढंच आहे, हे तरी—